दोन ताटं

सोहारला, गुरुवारी रात्री, दहाच्या खेळाला
आम्ही सातजण. मिनीबस फय्याजची,
तिकिटं फिलोमिना सिस्टरच्या मोबाइलवर,
आणि मॉलमधला गारठा असा
की सिनेमा सुरू व्हायच्या आधीच निम्मे मेलेले.

कादंबरी फक्त मी वाचली होती.
आठ रात्री, मोरीतल्या दिव्याखाली, बादली पालथी घालून,
कारण खोलीत चौघे झोपलेले आणि त्यांची पहाटेची पाळी.
त्या पुस्तकात मेलेले धावत नाहीत.
उठतात, अंगावरची माती झटकतात
आणि आपापल्या कामावर जातात.
न्हावी दुकान उघडतो.
पोस्टमन रिकामी पिशवी घेऊन दारोदार उभा राहतो.
भीती वाटते ती याची,
की ते काहीच मागत नाहीत.

पडद्यावर मात्र पाचव्या मिनिटाला
शंभरजण भिंतीवर चढले.

सेन्सॉरनं चुंबन कापलं होतं,
मेंदू खाणं ठेवलं होतं.
मागच्या रांगेतली पोरं शिट्ट्या घालत होती.
पुढे एक ओमानी आजोबा
नातवाचे डोळे तळहातानं झाकून
स्वतः पापणी न लववता बघत होते.

परतताना, समुद्राकडच्या रस्त्यावर,
करक चहाच्या टपरीपाशी गाडी थांबली
आणि सगळे एकदम बोलायला लागले.
फय्याज पारकर म्हणाला, पैसे वसूल,
भिंतीचा सीन तर पुन्हा बघेन, एकटा आलो तरी.
फिलोमिना डायलिसिसला असते. ती म्हणाली,
‘रक्त इतकं लाल नसतं रे.
आणि इतकं फुकट तर मुळीच नसतं.’
नवा आलेला तौसीफ मध्यंतरापासून झोपला होता,
त्याला एवढंच हवं होतं, की जिंकलं कोण.

सहदेव गावडे बँकेच्या दारावर रात्रपाळी करतो.
तो म्हणाला, चालणं चुकलं.
‘बारा तास उभा रहा, मग कळेल.
खांदा आधी वळतो, मान मागनं येते.
डावा पाय म्हणतो, तू हो पुढे.’
आणि कागदी कप बोनेटवर ठेवून
पार्किंगच्या पिवळ्या उजेडात चालून दाखवलं त्यानं,
ड्युटीच्याच बुटांत, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
गाडीखालचं मांजर पळालं.
चहा नाकातून येईपर्यंत हसलो आम्ही.
तो परत आला
तेव्हाही तसाच चालत होता.

मी हेलिकॉप्टरवर घसरलो.
हेलिकॉप्टर कुठून आलं? पुस्तकात नाहीये!
पुस्तकात शेवटी एक बाई आहे,
दार सताड उघडं ठेवून भात वाढते,
ताटं दोन. बस, संपलं.
फिलोमिना म्हणाली, ‘मग तिकीट कशाला काढलंस?
मोरीतच बसायचं होतंस.’

नार्वेकर गप्प होते.
नार्वेकर आमच्या कंपनीचे मंदूब,
बताका, व्हिसा, कोर्ट, सगळं तेच बघतात,
आणि कुणी इथे गेला तर त्याला पाठवायचंही तेच.
हॉस्पिटल, पोलीस, दूतावास, विमान कंपनी.
शेवटी कार्गोचा काटा.
फेब्रुवारीतल्या त्या वेल्डरला एकोणीस दिवस लागले,
नावातल्या एका अक्षरापायी.

‘बाकी ठीक होतं,’ ते म्हणाले,
‘एकच गोष्ट खोटी.’
कुठली?
‘सगळे एका रात्रीत घरी पोचले.’

फय्याजनं इंजिन चालू केलं.
बराच वेळ फक्त एसीचा आवाज,
उजवीकडे अंधारात समुद्र, बंदरावरचे दिवे.

मग मागच्या सीटवरून नार्वेकरांनीच विचारलं,
‘पुस्तक मराठीत आहे?’
नाही, इंग्रजी.
‘मग तू सांग. त्या बाईपासून सांग.’

मी सांगायला लागलो. दार. पितळी तांब्या.
पाट मांडलेले, समोरासमोर.
वाफ निघणारा भात.
‘कसला भात?’ सहदेव.

पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.
‘उकडा,’ मी म्हणालो.