पाकळीची वही

देवळात मी वही घेऊन जाते, ते आईला आवडत नाही.
चौकटीची वही, बारावीच्या प्रॅक्टिकलमधून उरलेली.
तीन रकाने: तारीख, वेळ, उजवी की डावी.

सावईवेऱ्याला कुळागर ओलांडून खाली उतरलं
की पाटाचं पाणी देवळाच्या पायरीला चाटून जातं.
तिथं गुणो गुरव काळ्या पाषाणावर
पिटकोळीच्या पाकळ्या पाण्यानं चिकटवतो
आणि वाड्यावरच्या माणसांच्या वतीनं विचारतो:
विहीर कुठं खणावी,
पोरगी त्या घरात द्यावी का,
दुबईचा व्हिसा या खेपेला तरी येईल का.
उजवी पडली तर होय.
डावी पडली तर देवाच्या मनात नाही.

मी साठ कौल मोजले. त्रेचाळीस उजवे.

कारण शोधायला फार अक्कल लागली नाही.
समई उजवीकडे. दगडाची ती कूस तापते,
तिथलं पाणी आधी सुकतं, पाकळी आधी सुटते.
घरी पाटा भिंतीला उभा करून, शेजारी मेणबत्ती लावून
दोन रात्री करून पाहिलं. तेच.
आई म्हणाली, झालं असेल तर पाटा दे,
हुमणाचं वाटप काय तुझ्या वहीवर वाटू?

बुधवारी दुपारी गुणोला सांगितलं.
तो वाती वळत होता.
चिडेल, म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती.
तो म्हणाला, त्रेचाळीस? मग उरले किती?
सतरा.
म्हणजे सतरा वेळा देवानं ऊब मानली नाही.
तसं नाही गुणोमामा, त्याला विचलन म्हणतात.
म्हणू दे, म्हणाला,
आणि उठून दोन्ही हातांनी
समई फरफटत मधोमध आणली.
फरशीवर तेलाचा ओघळ.
तीस वर्षं मी त्याला एका बाजूला ढकलत होतो की काय!
बरें केलेंय बाय, सांगितलंस ते.

मला भांडायचं होतं.
माझ्याकडे आलेखसुद्धा होता.

मग आईच्या काखेत गाठ निघाली.
बांबोळीच्या डॉक्टरांनी एकोणीस तारीख दिली,
आणि आईनं कौल लावायचं काढलं.
कदंबच्या बसमध्ये मी विचारलं, डावी पडली तर?
परत विचारू.
परत डावी पडली तर?
ती खिडकीबाहेर बघत राहिली. म्हार्दोळ गेलं.
मग म्हणाली, तर देवाला सांगू, तारीख एकोणीसच आहे.
त्याला कळलेलं बरं.

गुणोनं गाऱ्हाणं घातलं. लांबलचक.
आईचं नाव सत्यवती, हे त्याला माहीत होतं;
काख कुठली, ते त्यानं मध्येच थांबून विचारून घेतलं.
पंखा मी बंद केला. दार लोटलं.
समई मधोमध. ऑक्टोबरचा घाम.
आता ना उजवीला झुकतं माप, ना डावीला.
इतका निर्दोष कौल या देवळात आजवर लागला नसेल,
आणि तो मी लावला होता.

दहा मिनिटं. वीस.
गुणो डोळे मिटून.
आई खांबाला टेकून झोपलेली,
मांडीवर एक्स-रेचं पिवळं पाकीट, त्यावर हळदीचं बोट.
मी दोन्ही बाजूंना सारखं बघायचं ठरवलं होतं.
बघत होते उजवीकडेच.

चाळीस मिनिटं. पाकळ्या तशाच.
वहीत यासाठी रकाना नव्हता, चौथा आखला.
आखताना लक्षात आलं, मी श्वास रोखून धरला होता.
हवा हलून प्रयोग बिघडू नये म्हणून.

तसंच लिहिलं मी, तारखेसमोर.
पेन्सिलीनं.