छापण्याआधी

बस, ओलुओच. जपून, त्या खुर्चीचा एक पाय लंगडा आहे.
पानाला वीस शिलिंग, दुरुस्ती फुकट,
सल्ला न मागताही मिळेल.

किसुमूत या दुकानाला बारा वर्षं झाली.
समोर बसस्थानक, मागे मासळीबाजार,
मधल्या रस्त्यावर तुझ्यासारखे कितीतरी.
नोकरी शोधणाऱ्याला आपल्याकडे म्हणतात, डांबर तुडवतोय.
तुझे बूट बघितले, विचारायची गरज उरली नाही.

आधी हा ईमेलचा पत्ता बदलू.
'सरोवराचा राजा' या नावाने
कुणी हिशेबनीस नेमत नाही.
मग हे: 'मेहनती, प्रामाणिक, दबावाखाली काम करू शकतो.'
सकाळपासून हे वाक्य अकरा जणांसाठी टाइप केलंय,
त्यातला एक तर पलीकडच्या गल्लीतला पाकीटमार.
खोड ते.
मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात काय करायचास, ते सांग.
खिळे मोजायचास? किती खोकी, किती महिने?
आणि बुडीत उधारी वसूल केलीस, ती किती?
चौऱ्याऐंशी हजार!
अरे, आणि पानावर काय, तर 'छंद: फुटबॉल बघणे'.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिथवर जाऊन ये.
फाटक कुठलं, मटाटू कुठे सोडते.
पहारेकऱ्याला नाव विचार,
दुसऱ्या दिवशी त्याच नावाने नमस्कार कर.
कोट किबुयेच्या जुन्या बाजारातला चालेल,
फक्त आधीच्या मालकाचे खिसे रिकामे कर.
आपल्या ओपियोने घाम पुसायला रुमाल काढला
आणि साहेबांसमोर हातात आलं
कुणा परक्या देशातलं दंतवैद्याचं बिल.

'पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?' विचारतीलच.
'तुमच्या खुर्चीत' म्हणू नकोस,
तो विनोद त्या खुर्चीला पाठ झालाय.
एखादं उत्तर नसेल येत, तर नाही येत म्हण
आणि तिथेच थांब, सारवासारव नको.
पगाराचा आकडा सांगताना जमिनीकडे बघू नकोस,
पगार जमीन देणार नाहीये.

नंतरचे दिवस वाईट.
एक वही कर: तारीख, कंपनी, कोण काय बोललं.
बोलावणं असो नसो, दाढी कर.
दुपारी सरोवरावर बसलास तर ती जलपर्णी बघ,
वारा ढकलेल तिकडे सरकते
आणि तिला वाटतं, प्रवासाला निघालोय.
आईला 'बोलावतील गं' म्हणू नकोस.
'आज तीन पाठवले' म्हण. तेवढं खरं आहे,
आणि खऱ्यावर माणसाला झोप लागते.

आता एक सांगते.
अवुओर नावाची मुलगी होती, नर्सिंग झालेली.
तिची पंचवीस पानं इथेच छापली, याच यंत्रावर.
सात महिने एक फोन नाही.
पोर स्वतःलाच कुरतडत गेली,
गुण कमी, ओळखी कमी, नशीब कमी.
आठव्या महिन्यात धाकट्या बहिणीने पान हातात घेतलं:
शेवटून तिसरा आकडा, सहाच्या जागी नऊ.
माझं बोट एक घर वर गेलं होतं.

तो नंबर होमा बेच्या एका होडीवाल्याचा.
म्हणाला, हो, बायांचे फोन यायचे,
रुग्णालयातून बोलतोय म्हणायच्या,
मला वाटायचं कुणीतरी गेलं,
मी घाबरून ठेवून द्यायचो.

आहे ती आता एल्डोरेटला, बाळंतिणींच्या वॉर्डात.
येते कधी, चहा पिते, माझ्यावर राग नाही तिचा.
मलाच तिच्या डोळ्यांत बघून
साखर किती, हे विचारता येत नाही.

म्हणून छापण्याआधी
नंबर मी पानावरूनच वाचते,
एकेका आकड्यावर बोट ठेवून,
आणि लावते.
थांब, बोलू नकोस.

वाजला? तुझ्याच खिशात?
मग माझ्याकडे काय बघतोस, उचल.
असा नाही. पाठ ताठ कर,
आणि नाव सांग,
पूर्ण.