शेवटाला शेवट

दुकानावर पाटी ‘सागर अँड सन’.
पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, आपल्यातलंच कुणीतरी.
निघाला डेरेक सागर, पिढ्यान्‌पिढ्या बर्नलीचा,
समुद्र ब्लॅकपूलला दोनदाच पाहिलेला.

त्याच्या बापाने मागांच्या मोटरी भरल्या.
माझ्याही, इचलकरंजीत.
इथले माग भंगारात गेले, आमचे जातायत,
त्यावर आम्ही बोलत नाही.
आता त्याचे हात थरथरतात,
म्हणून तार माझ्या हातात
आणि हिशेब त्याच्या कानात.

मी वेढे मोजते ते मराठीतच.
सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ –
एकोणसाठला तो घसा खाकरतो.
अर्थ ठाऊक नाही त्याला,
पण या शब्दानंतर एकच वेढा उरतो
एवढं चार वर्षांत कानाला कळलंय.

बुधवारी मिसेस पोलार्डची मोटर आली,
बटाटे सोलायच्या पिंपाची.
वर जळक्या वार्निशचा वास, त्याखाली व्हिनेगर.
किती पैसे, हे तिने विचारलं नाही.
शुक्रवारपर्यंत होईल ना, एवढंच.

जुनं तांबं छिन्नीने तोडलं,
खाचा घासल्या, नवा कागद घातला.
तळाशी रनिंगची जाड तार,
वरून स्टार्टिंगची बारीक, अर्धा पोल सरकवून.
गुरुवारी रात्री आठला बटण दाबलं.

गुरगुरली. फिरेना.
शाफ्टला हाताने ढकलली तर
दुखऱ्या कंबरेने उठावं तशी जरा हलली,
पुन्हा कण्हत बसली.
मी म्हटलं, कपॅसिटर गेला.
डेरेक म्हणाला, कपॅसिटर असा रडत नाही.

रोटर बाहेर काढला.
त्याने खिशातून होकायंत्र काढलं,
पितळी, काचेला तडा, शाळेतलं असावं.
मी रनिंगला बॅटरी लावली,
तो मोटरच्या रिकाम्या पोटात सुई फिरवत गेला.
हात थरथरत होता, सुई नाही.
उत्तर.
दक्षिण.
उत्तर.
आणि पुन्हा उत्तर.

तिसऱ्याच्या शेवटाला
मी चौथ्याची सुरुवात जोडली होती,
कुणीही शहाणं माणूस जोडेल तशी.
इथे ते चालत नाही.
शेवटाला शेवट, सुरुवातीला सुरुवात,
तेव्हा कुठे शेजारी शेजाऱ्याला ओढतो.

डाग सोडवला, टोकं बदलली, पुन्हा डाग, पुन्हा स्लीव्ह.
या वेळी सुटली ती सुसाट,
आतला स्विच टक् करून उघडला,
आणि आम्ही दोघंही हसलो, कारण
फिरत होती उलटी.
ते सोपं. स्टार्टिंगची दोन टोकं अदलाबदल.
रात्रभर वार्निश भट्टीत.

शुक्रवारी कागदात बांधलेल्या चिप्स आल्या, न मागता.
तेलकट बोटांनीच मी वहीत नोंद केली:
तारेचा गेज, पोल चार, वेढे ६०.
साठ देवनागरीत पडला.
खोडायला गेले तर म्हणाला, राहू दे.
पुढे जो उघडेल ही मोटर
त्याने मोजावं की स्वतः.