छाप

गुडवेगनं मशीन आणलं ते बर्फावरच्या घसरगाडीला
सुतळीनं करकचून बांधून.
"चालतं," म्हणाली, "फक्त फिरत नाही."
अशी गिऱ्हाइकं मला आवडतात.

टँडबर्ग. सागवानी पेटी, वजन वासराएवढं.
मागची पाटी काढली तर आत
कुणाच्या तरी जुन्या स्वयंपाकघराचा वास
आणि रबरी चाकाची झालेली काकवी,
बोटाला लागली ती तीन दिवस सुटली नाही.
पट्टा जर्मनीहून आला.
चाक पोलंडमधल्या एका माणसानं
नव्यानं ओतून, लेथवर घासून दिलं.
कपॅसिटर माझ्याच डब्यातले, बिस्किटांच्या.
हेडवर नख फिरवून पाहिलं: खाच पडलीये, पण चालेल अजून.
माझ्या दातांबद्दल डॉक्टरही हेच म्हणतो.

टेप एकच. खोक्यावर शाईनं:
सिउर. बोटी. १९६३.
गाणं नाही, लग्न नाही, नाताळ नाही.
तिच्या भावानं खिडकीतून मायक्रोफोन बाहेर सोडून
फ्योर्डमध्ये परतणाऱ्या बोटींची इंजिनं भरून ठेवलेली,
एका सिलिंडरची, जाड घशाची,
टुक्क. टुक्क. टुक्क.
मला सगळी एकच वाटली.

गुडवेग स्टुलावर बसली, कोट न काढता.
"ही मोन्सची.
ही टोर्लेइव्हची, चौथ्या ठोक्याला खोकते बघ.
ही आमची."
त्या आवाजावर गावातल्या बायका बटाटे उकळायला टाकायच्या.
दुसऱ्याच्या बोटीला
कुणाच्या चुलीवर भांडं चढलं नाही कधी.

मी म्हटलं, एक दोष आहे, आधीच सांगतो.
टेप वर्षानुवर्षं गुंडाळून पडली
की एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो,
शाई ओली असताना कागदाची घडी घालावी तसा.
म्हणून बोट यायच्या आधी दीड सेकंद
तीच बोट येते. पुसट.

"दोष कसला त्यात?
तशीच यायची ती. आधी भूशिरापलीकडून."

अकरा बोटी लागल्या.
मग टेप सुटली, दोन टोकं माझ्या हातात.
जुना जोड, चिकटपट्टी सुकून पापुद्रा झालेली.
सिउरचे बाकीचे जोड तिरके, नेटके,
हा आडवा, दातेरी,
शिवणाच्या कात्रीनं घाईत कापलेला.
मधला तुकडा खोक्यात नव्हता.
तो तिथे असेल असं तिलाही वाटलं नसावं,
तिनं खोक्यात पाहिलंच नाही.

स्पिरिटनं टोकं पुसली, जोडली,
थोडं मागे नेलं, आवाज चढवला
हिवाळी मोज्यांत पाय घासल्यासारखी खरखर होईपर्यंत.
आणि त्या खरखरीच्या तळाशी
तीन ठोके.
चौथ्याला जोड.
पुढे थेट समुद्रपक्षी,
कुणीतरी दार लावतंय.

"पुन्हा," ती म्हणाली.
मी पुन्हा लावलं.
मग पाचव्यांदा, सहाव्यांदा; मोजायचं सोडलं.
तिचा अंगठा कोटाच्या बटणावर ठेका धरत होता,
आणि तीनवर थांबत नव्हता.

"आईची कात्री," एवढंच बोलली.
कुणाची बोट, मी विचारलं नाही.

खरं तर टेप शेपटाकडून गुंडाळून ठेवायची असते,
म्हणजे छाप आवाजाच्या आधी ऐकू येत नाही,
मागून येते, आवाजातच झाकली जाते.
प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हे बजावतो,
कधी कधी दोनदा.
तिला नाही सांगितलं.
होती तशी, डोक्याकडून गुंडाळली.

बिल केलं: चाक, पट्टा, चार कपॅसिटर.
जोडाचे पैसे लावले नव्हते.
तिनं चष्मा लावून ओळन् ओळ वाचली,
आणि नोटा मोजून दिल्या,
जोडाच्याही.