काडतुसाचं घर

वरणगावात एप्रिलची पहाट फार टिकत नाही.
सहाच्या आत उरकायचं.
मग लोखंडाला ताप चढतो,
आणि तापल्या माणसाचं, तापल्या नळीचं
माप घेऊ नये, असं अप्पांचं मत.

मागच्या खोलीत व्हाइस.
भिंतीवर काचेत परवाना, नूतनीकरणाचे शिक्के
एकावर एक चढलेले.
गव्हाच्या कोठीवर क्लबची नळी,
जुन्या धोतरात गुंडाळलेली.
सातपुड्यातली रुमली पावरा तिच्यातून
कागदावरच्या काळ्या ठिपक्याला भोक पाडणार आहे
मेच्या शेवटी, पुण्यात.

कारखान्यात बत्तीस वर्षं हे काम मशीन करायचं,
अप्पा मशीनकडे बघायचे.
आता डाव्या डोळ्यात मोतीबिंदू,
उजव्यात हट्ट.
म्हणून हात माझे, कान त्यांचा.

अर्धा फेरा. तेल.
अर्धा फेरा.
पोलाद आधी कुरकुरतं,
मग खरवडलेल्या दुधाच्या पातेल्यासारखं बोलायला लागतं.
“थांब,” अप्पा म्हणतात. “आते आयक.”
मला काही ऐकू येत नाही.
लांब मालगाडी भुसावळकडे चाललेली,
तेवढीच.

रीमर बाहेर काढायचा
तोही सुलटाच फिरवत.
बनियनच्या फडक्यावर कीस उतरतो,
ओल्या राखेच्या रंगाचा.
“उलटं फिरावजो नको. धार मरी जास.”
तीन पहाटा झाल्या, हे एवढंच वाक्य.

नंदुरबारहून मी दोन बॅगा घेऊन आले
त्याला आता सहा महिने होतील.
तेव्हाही त्यांनी काही विचारलं नव्हतं.
तेलाची बाटली पुढे केली होती,
धर म्हणून.

आई दारात येते, पीठ लागलेले हात घेऊन.
“घर म्हणता त्याला?
आत आलेलं कधी थांबतं का तिथं?
एक आवाज, की रिकामं.”
अप्पा नळीच्या तोंडाशी करंगळी फिरवत राहतात,
तान्ह्याच्या हिरडीत दात चाचपावा तशी.

पहिल्या गेजवर बोल्ट बसला.
तो बसला हे मलाही ऐकू आलं,
पेटीचं झाकण लागावं तसा आवाज.
दुसऱ्यावर अडला.
अडायलाच हवा होता.
मी तरी पुन्हा एकदा दाबून पाहिलं
आणि अप्पांनी माझ्या मनगटावर टिचकी मारली.

मग कितीतरी वेळ कुणी काही बोललं नाही.
उन्हाची पट्टी कोठीवर चढली.
नळी धोतरात गेली.
माझ्या नखांत काळा कीस, आणि मुठीत
अजून तो अर्धा फेरा, पुढच्याच दिशेला.

“चहा टाक,” अप्पा म्हणाले.
मग भिंत धरून उठले.
“राहू दे. मीच टाकस.”
स्वयंपाकघरात ते बराच वेळ
काडेपेटी शोधत होते.
आईने सांगितली नाही कुठे आहे.
मीही नाही.