टोचणी

निवेसच्या दुकानाला पाटी नाही.
ट्रिएस्तेत तिला शोधायचं तर
मासळीबाजारामागची गल्ली चढायची
आणि जिथे वारा टोपी हिसकावतो
तिथे उजवीकडचं दार लोटायचं.
बायकांना ठाऊक असतं.
पुरुषांना वाटतं, इथे छत्र्या दुरुस्त होतात.
एकदा एक जण छत्री घेऊन आलाही.
तीही तिने करून दिली. तारच ती.

मी शिकायला राहिले तेव्हा
पहिले तीन महिने नुसती उसवत होते.
नेफा उसवायचा काखेच्या बाजूने, बोटभर,
त्याहून जास्त नाही.
तार आपणहून डोकावते,
दाराआडून ऐकायला आल्यासारखी.
टोकावरची प्लास्टिकची टोपी गेलेली असते,
बहुतेकदा धुण्याच्या यंत्राने खाल्लेली.
टोक कानशीने घासायचं, गालाला लावून बघायचं.
"गालाला नाही," निवेस म्हणे, "ओठाला.
गाल खोटं बोलतो."
मग नेलपॉलिशचे दोन हात, मधे वाळू द्यायचे.
नेहमी लालच, कारण लाल स्वस्त पडायचं.
तार परत सरकवायची, टोकाशी फेल्टचा तुकडा,
वर काजाचे टाके, इतके दाट
की दातांनीही उसवू नयेत.

पोहण्याच्या कपड्यांची गोष्ट वेगळी.
मीठ आत शिरतं, तार गंजते,
छातीखाली तपकिरी ओघळ उमटतो
गळक्या नळाखाली बेसिनला पडतो तसा.
तिथे घासणं-बिसणं नाही. जुनी काढून फेकायची.
फेकायची म्हणजे बरणीत.
बरणीतल्या तारांना मी एकदा चंद्रकोरी म्हणाले.
निवेसने चष्म्यावरून पाहिलं.
"तार म्हण. टोमॅटोच्या रोपांना लागते."

फेब्रुवारीत, बोरा सुटलेला,
चढावर धरायला दोर बांधलेले,
ओंडिना आली. काळा कोट, ओठ फुटलेले.
पिशवीतून काढली ती कातडीच्या रंगाची,
धुतलेली, घडी घातलेली, चक्क इस्त्री केलेली.

"डावी," ती म्हणाली. "शनिवारी चर्चमध्ये निघाली.
समोर ब्रूनोची पेटी, पाद्री बोलतायत,
आणि ही प्रत्येक श्वासाला काखेत टोचतेय.
हात घालता येईना. उठता येईना.
डोळ्यांना पाणी आलं.
नणंदेने हात धरला. सगळ्यांनी पाहिलं.
आता गल्लीत म्हणतात,
जीव होता हो बाईचा त्याच्यावर."

बाहेर कुणाचा तरी पत्रा गडगडत गेला.

"नव्हता?" मी विचारलं.
असं विचारायचं नसतं
हे अजून शिकायचं होतं.

ओंडिनाने माझ्याकडे नाही, बरणीकडे पाहिलं.
"चव्वेचाळीस वर्षं झाली," ती म्हणाली.
"आठवायला वेळ लागेल."

निवेसने तार ओढून काढली.
मोडलेली नव्हती. पसरट झालेली,
तिच्या अंगाच्या वळणाची.
मी नवीसाठी खण उघडला.
"राहू दे. नवी कुणाच्याच मापाची नसते."
टोक घासलं. ओठाला लावलं. पुन्हा घासलं.
एवढा वेळ तिने कुणालाच दिलेला मी पाहिला नव्हता.

पैसे मोजता मोजता ओंडिना थांबली.
"परत निघेल का?"
"निघेल," निवेस म्हणाली. "सगळ्यांच्या निघतात.
आणत जा."

जूनमध्ये बायकांच्या किनाऱ्यावर,
भिंतीच्या अलीकडे, ती दिसली.
भिंतीपलीकडे पुरुष, त्यांचे पत्ते, त्यांची भांडणं.
निळा पोहण्याचा कपडा, गुडघाभर पाणी,
उजव्या हाताने डाव्या काखेत काहीतरी चाचपत होती.
मला बघून तिने हात काढला,
पाण्यात बुडवला,
जणू तेवढ्यासाठीच वाकली होती.

पलीकडे कुणीतरी खोकलं.
तिची मान वळली,
औषधाची वेळ झाल्यावर वळावी तशी.
मग ती पाण्यात शिरली, खांद्यापर्यंत,
आणि पोहायला लागली.