डावा पाय

नैतिकनं टीव्हीला काही विचारलं नाही,
टीव्हीनंच त्याला विचारलं:
अनोळखी स्रोताला परवानगी द्यायची का?
त्यानं रिमोटचं मधलं बटण दाबलं.
पेनड्राइव्ह माझा, केंद्रातला.
त्यात अर्ध्या गावाचे फोटो, पॅनकार्डाच्या मापाचे,
आणि त्यांच्याखाली आता ही बस.

टक्के चढत गेले. एकाहत्तरवर अडले.
केजाजी धांदे खाटेवरून पाहत होते.
"घाटात गरम झाली असन. उभी ठेव जरा."
आणि खरंच, जरा उभी ठेवली
तर शंभर झाले.

मग अक्षरं लुकलुकली:
सुरू करण्यासाठी पडद्याला स्पर्श करा.
नैतिकनं केला. एका बोटानं, मग पाचही.
कांचनवहिनीनं कणकेचा हात पदराला पुसून केला.
बेचाळीस इंची काच,
पुलगावहून मोटरसायकलवर
दोघांच्या मधे उभी धरून आणलेली.
तिला बोट कळेना.
खेळ तळहाताएवढ्या काचेसाठी बनलेला.
"येवढी मोठी झाली," केजाजी म्हणाले,
"न् गुदगुल्या होत नाई तिले."

मी केंद्र उघडून माऊस आणला.
दिवसभर सातबारे काढतो तो,
जातीचे दाखले, पीकविम्याच्या पावत्या,
उत्पन्नाच्या रकान्यापाशी दमतो.
वायर आखूड, म्हणून खाटच ओढली पुढं,
इतकी, की काचेत केजाजींचा चेहरा आणि रस्ता
एकावर एक पडले.

एकतीस वर्षं आर्वी डेपो.
पुलगाव, विरूळ, रोहणा, मुक्कामी गाडी.
माऊस धरला त्यांनी
कोंबडीखालचं अंडं धरावं तसा,
आणि डावा पाय
त्यांना न विचारता उचलला गेला,
फरशीवर दाबला,
हळू सुटला.
"आबाजी, याले क्लच नसते."
"तुले नसन."

रस्ता कुठल्या तरी समुद्राकाठचा.
नारळ, निळी बस, वर लाल आकड्यांत पळणारी वेळ.
एक फाटा ओळखीचा नाही,
तरी प्रत्येक थांब्यावर ते थांबले,
थांबा नव्हता तिथंही.
"आबाजी, कोनी नाई ना तिथं!"
"झाडामागून येते. कॉलेजच्या पोरी
नेहमी उशिराच येते."
मी मागं उभी होते. बोलले नाही.
बारावीला रोहण्याच्या फाट्यावर
मी रोज पळतच पोचायची.

वेळ संपली. तुम्ही हरलात. पुन्हा प्रयत्न?
तीनदा हरले.
मग जाहिरात: सोन्याची नाणी हवी असतील
तर तीस सेकंद पाहा.
तीस सेकंद त्यांनी गाडी न्यूट्रलला ठेवली
आणि पाणी प्यायले.

पाचव्यांदा डेपो.
शेवटचं काम रिव्हर्स, आणि या गाडीला आरसेच नाहीत.
केजाजींनी मान पूर्ण मागं वळवली.
मागं भिंत, दोरीवरचे कपडे, मी.
"येऊ द्या," मी म्हणाले.
पडद्याकडं बघत, त्यांच्याकडं बघत.
"येऊ द्या. येऊ द्या. जरा डावीकडं.
येऊ द्या…"
आणि भिंतीवर दोन थापा.

निळी बस पिवळ्या रेघांच्या मधोमध.
खेळानं तीन तारे दिले, फटाके उडवले.
ते त्यांनी पाहिले नाहीत.
उजवा हात हवेत
कुठली तरी किल्ली फिरवत होता.

माऊस रात्री तिथंच राहिला.
सकाळी नैतिक परत घेऊन आला,
मी पहिला सातबारा उघडला
तर चाक फिरेना.
टाचणीनं उकरून पाहिलं:
फटीत वाळलेली कणीक.

केजाजी कधी कणकेला हात लावत नाहीत.